घोड्याच्या दातांची निगा : दंत-तंत्रज्ञाचे काम, शिक्षण आणि मर्यादा

"खुराक वाढवला तरी घोडी अंग धरत नाही, चाऱ्यात काय बदल करू?" असा प्रश्न घोडे पाळणारे शेतकरी अधूनमधून विचारतात. मी पीक आणि चारा या विषयाचा माणूस. त्यामुळे पूर्वी मी सरळ कागद घेऊन चाऱ्याचे गणित मांडून द्यायचो. एकदा एका तबेल्यात सोबत असलेल्या पशुवैद्यकांनी मला तो कागद खिशात ठेवायला लावला आणि आधी गव्हाणीखाली बघा म्हणाले. तिथे अर्धवट चावलेल्या कडब्याचे, लाळेने भिजलेले बोटभर लांबीचे गोळे पडलेले होते. लिदीत अख्खा हरभरा दिसत होता. घोडीला खुराक कमी पडत नव्हता, तिला तो चावता येत नव्हता. दाढांच्या धारेने गालाला आतून जखमा झाल्या होत्या.

दुसरा प्रश्न तरुणांकडून येतो. परदेशात 'इक्वाइन डेंटल टेक्निशियन', म्हणजे घोड्यांचे दंत-तंत्रज्ञ, असा स्वतंत्र व्यवसाय आहे. तो आपल्याकडे करता येईल का, त्याचे शिक्षण कुठे मिळते? हे दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून इथे एकत्रच घेतो.

घोड्याच्या दाढा का घासाव्या लागतात?

बैल चारा भराभर गिळतो आणि नंतर निवांत बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याला चावण्याची संधी एकदाच मिळते. तोंडात जे बारीक झाले नाही, ते पुढे पोटात नीट पचत नाही आणि पोटशूळाचा धोकाही वाढतो.

पूर्ण वाढलेल्या घोड्याला पुढचे १२ दात आणि २४ दाढा असतात. नराला बहुधा ४ सुळेही येतात. काही घोड्यांत दाढांच्या रांगेपुढे एक छोटी, बिनकामाची दाढ असते. तिला इंग्रजीत 'वुल्फ टूथ' म्हणतात. ती लगामाच्या कडीला लागते, म्हणून अनेकदा काढावी लागते. तरुण घोड्याची दाढ साधारण ७ ते ८ सेंटिमीटर लांब असते, पण तिचा बहुतेक भाग हिरडीखाली जबड्यात दडलेला असतो. वर्षाला २ ते ३ मिलिमीटर दाढ झिजते आणि जवळपास तेवढीच खालून वर सरकते. हा साठा २५ ते ३० वर्षांच्या आसपास संपत येतो. म्हणजे घोड्याच्या दाढेकडे बँकेतल्या ठेवीसारखे बघायला हवे. कानशीने जे घासून टाकले, ते त्या ठेवीतूनच गेले.

मग घासायचेच कशाला? कारण घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने अरुंद असतो. चावताना तो आडवा फिरतो, पण दाढेचा पूर्ण पृष्ठभाग सारखा झिजत नाही. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला पात्यासारख्या धारा तयार होतात. लांब चारा, गवत, कडबा चावताना जबडा जास्त आडवा फिरतो. दाणा किंवा गोळीखाद्य चावताना तो कमी फिरतो. म्हणून दिवसभर चरणाऱ्या घोड्यापेक्षा बांधून ठेवलेल्या, दाण्यावर पोसलेल्या घोड्याच्या दाढांना धार लवकर येते. लग्नाच्या वरातीसाठी, शर्यतीसाठी किंवा बाजारात दाखवण्यासाठी पाळलेले घोडे बहुतेक याच गटात मोडतात.

पुढील लक्षणे दिसली तर चारा बदलण्याआधी तोंड तपासून घ्यावे :

• चावताना मान एका बाजूला तिरकी करणे, चाऱ्याचे गोळे तोंडातून पडणे
• लिदीत अख्खे दाणे किंवा चाऱ्याचे लांब तुकडे दिसणे
• तोंडाला किंवा एकाच नाकपुडीतून येणाऱ्या स्रावाला घाण वास येणे
• लगाम लावताना डोके झटकणे, एका बाजूला वळायला तयार नसणे
• जबड्यावर किंवा डोळ्याखाली सूज

गाढव आणि खेचर यांच्याबाबत जास्त सावध राहावे. गाढव दुखणे सहज दाखवत नाही. ते खाणे थांबवते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

बाजारात दात बघणे वेगळे, तोंड तपासणे वेगळे

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना किंवा मढी-जेजुरीच्या बाजारात गाढव घेताना ओठ उचलून दात बघितले जातात. हे वय ठरवण्यासाठी असते. घोडा अडीच वर्षांला दोनदाती, साडेतीनला चारदाती, साडेचारला सहादाती होतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीजवळ एक खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्यावर आणि विसाव्यापर्यंत पूर्ण दाताभर उतरते. हे ठोकताळे आहेत, जातीनुसार आणि चाऱ्यानुसार फरक पडतो. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खोटे खळगे कोरून, ते काळे करून वय कमी दाखवण्याची लबाडीही जगभर जुनी आहे. पण मुद्दा असा की, या सगळ्यात फक्त पुढचे दात दिसतात. खरे दुखणे मागे दाढांत असते आणि तिथे ओठ उचलून काहीही कळत नाही.

तंत्रज्ञ नेमके काय करतो?

आधी तो तोंडाला हात लावत नाही. घोड्याचे वय, चारा, खाण्याची पद्धत, कामाचा प्रकार विचारतो आणि घोडा खाताना बघतो. मग तोंड पाण्याने धुऊन माउथ गॅग लावतो. हा लोखंडी चौकटीचा साचा पुढच्या दातांवर बसतो आणि जबडा उघडा ठेवतो. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, छोट्या आरशाने आणि हाताने चाचपून एकेक दाढ तपासली जाते. प्रत्येक दाताला तीन अंकी क्रमांक असतो आणि जे दिसले ते तक्त्यावर लिहिले जाते. हा तक्ता मालकाकडे राहिला पाहिजे. पुढच्या वर्षी तपासणाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

त्यानंतर लांब दांड्याच्या कानशीने धारा मोडल्या जातात. फक्त धारा. दाढेचा वरचा खडबडीत पृष्ठभाग म्हणजे जात्याचा टाकीचा भाग. तो गुळगुळीत केला तर जाते दळणार नाही. साध्या कामाला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. खांदे आणि पाठ भरून येते, बोटे कायम धोक्यात असतात, एका घोड्याची अवजारे निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाहीत.

निरोगी घोड्याची तपासणी वर्षातून एकदा करावी. २ ते ५ वर्षे वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, तेव्हा दर सहा महिन्यांनी करावी. म्हाताऱ्या घोड्यांनाही हेच लागू.

ब्रिटनमध्ये हे शिक्षण कसे आहे?

हा व्यवसाय सर्वात नीट मांडलेला दिसतो तो ब्रिटनमध्ये. तिथे घोड्याच्या तोंडातील कामांचे तीन गट केलेले आहेत. पहिल्या गटात तपासणी, हाताच्या कानशीने धारा मोडणे, छोटी वाढ कमी करणे, सुटत आलेली दुधाच्या दाढेची टोपी काढणे अशी कामे येतात. योग्य प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती ती करू शकते. दुसऱ्या गटात विजेवर चालणारी अवजारे वापरणे, खूप हललेला दात काढणे, पशुवैद्यकाच्या थेट देखरेखीखाली वुल्फ टूथ काढणे ही कामे आहेत. ती मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तंत्रज्ञासाठी आहेत. तिसऱ्या गटात बाकी सर्व, म्हणजे घट्ट दाढ काढणे, पू झालेल्या मुळावर उपचार, शस्त्रक्रिया. हे फक्त पशुवैद्यकाचे काम. गुंगीचे इंजेक्शनही पशुवैद्यकानेच द्यायचे.

ही परीक्षा तिथली घोड्यांच्या पशुवैद्यकांची संघटना आणि पशुदंतवैद्यक संघटना मिळून घेतात. हार्टपरी इथे घोड्यांच्या दंतशास्त्राचा पदवी अभ्यासक्रमही आहे. शिकणारा आधी मृत घोड्यांच्या कवट्यांवर शरीररचना शिकतो, मग अनुभवी माणसाच्या हाताखाली तबेल्या-तबेल्यातून फिरतो. बहुतेक तंत्रज्ञ स्वतंत्र व्यवसाय करतात, स्वतःची गाडी, अवजारे, विमा सांभाळतात. तिथेही सगळे आलबेल नाही. या नावाला कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे परीक्षा न दिलेला माणूसही स्वतःला तंत्रज्ञ म्हणवू शकतो. म्हणून घोडेमालकांना प्रमाणपत्र आणि विमा विचारून घ्या, असे वारंवार सांगावे लागते.

मला या पद्धतीतली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती ही की, तंत्रज्ञाला काय करायचे नाही हे आधी शिकवले जाते.

भारतात काय करता येते?

आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ लागू आहे. त्यातील कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यक करू शकतो. पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य शासन आदेशाने काही किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची परवानगी देऊ शकते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाने. ब्रिटनसारखा 'दंत-तंत्रज्ञ' हा वेगळा दर्जा या कायद्यात नाही. त्यामुळे परदेशातला काही दिवसांचा किंवा महिन्यांचा कोर्स करून आलात, तरी इथे निदान करण्याचा, गुंगी देण्याचा, दात काढण्याचा अधिकार मिळत नाही. फी भरण्याआधी हे पक्के लक्षात ठेवा.

ज्या मुलामुलींना खरोखर या कामात यायचे आहे, त्यांच्यासाठी सरळ रस्ता पशुवैद्यक पदवीचा. बारावी विज्ञान, नीट परीक्षा आणि इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. पदवीनंतर घोड्यांवर हात बसवायचा तर पुणे-मुंबई परिसरातले स्टड फार्म, रेसकोर्सवर काम करणारे पशुवैद्यक यांच्याकडे उमेदवारी करावी लागेल. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये घोडे आणि खेचरांचे भरपूर काम असते. हिसार इथे घोडेवर्गीय प्राण्यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे.

पदवी शक्य नसेल तर? नालबंदाचे काम, घोडा हाताळण्याचे काम आणि दातांच्या तपासणीत पशुवैद्यकाचा मदतनीस म्हणून काम, हे तिन्ही एकाच माणसाला जमू शकते. डोके स्थिर धरणे, गॅग सांभाळणे, अवजारे उकळून तयार ठेवणे, तक्ता भरणे, पुढच्या तपासणीची तारीख मालकाला कळवणे. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे वाहतुकीसाठी घोडे वापरले जातात, किंवा मोठ्या तबेल्यांच्या परिसरात असा माणूस पशुवैद्यकाला हवाच असतो.

पॉवर ग्राइंडरचा मोह टाळा

एका गावात मी एक सात वर्षांची घोडी पाहिली. बाजारात भेटलेल्या कोणीतरी विजेच्या ग्राइंडरने तिच्या दाढा 'एकसारख्या' करून दिल्या होत्या. गुंगी नाही, पाणी नाही. दाढेत जिवंत गाभा असतो. यंत्राच्या उष्णतेने तो मरतो आणि जास्त घासले तर उघडा पडतो. त्या घोडीने दुसऱ्या दिवसापासून कडबा सोडला. दोन दाढांत पू झाला. मालकाने ग्राइंडरवाल्याला दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट पुढे उपचारावर गेले, आणि गेलेल्या दाढेसमोरची दाढ आता आयुष्यभर वाढत राहणार, म्हणजे तिची कटकट कायमची. यंत्र वाईट नाही. पाण्याने थंड ठेवून, थोडे थोडे, शिकलेल्या हाताने वापरले तर ते कानशीपेक्षा सफाईने काम करते. उंच वाढलेली दाढ एकदम सपाट करत नाहीत. दोन वेळांत काही महिन्यांचे अंतर ठेवून, दर वेळी तीन-चार मिलिमीटरपर्यंतच उतरवतात.

तपासणीच्या दिवशी आणि नंतर

घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लस दिलेली आहे का हे आधी पाहावे. तपासणी सावलीत, घसरणार नाही अशा जमिनीवर करावी. गुंगी दिली असेल तर घोडा पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा-दाणा समोर ठेवू नये, घास नरड्यात अडकतो. एका गावातले पाच-सात घोडेवाले एकत्र आले आणि पशुवैद्यकांना एकाच दिवशी बोलावले, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षकांनी एवढी जुळवाजुळव केली तरी मोठे काम होईल.

ज्या म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा संपल्या आहेत, त्याला घासून काही मिळणार नाही, चाराच बदलावा लागेल. कोरडा कडबा कमी करून कोवळे हिरवे गवत आणि पानांचे प्रमाण जास्त असलेला लसूणघास द्यावा. हरभरा भरडून, भिजवून द्यावा. गोळीखाद्य कोरडे कधीही देऊ नये, पाण्यात पूर्ण विरघळून लापशी झाल्यावर द्यावे. मऊ म्हणून नुसता गव्हाचा कोंडा देण्याची चूक मात्र अनेक जण करतात. कोंड्यात स्फुरद खूप आणि कॅल्शियम कमी असते, जास्त दिवस दिला तर हाडे कमजोर होतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते, म्हणून कोंडा द्यायचाच तर थोडा आणि लसूणघासाच्या जोडीने द्यावा. दिवसाचा खुराक दोनऐवजी चार-पाच वेळांत विभागावा आणि दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर दोरीने मोजून लिहून ठेवावा.