पक्क्या पत्त्यातली शांतता

खोलीतला पंखा चालू ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेहमीच्या आवाजात ‘पक्का पत्ता’ एवढंच म्हणा. मग ती फाइल संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि लाटांचं चित्र मोठं करत न्या. ‘प’मधला ‘अ’ ठसठशीत दिसेल. त्याच्या पुढे, जिथे ‘क्क’ असायला हवा तिथे, जवळजवळ काहीच नाही! एक दशांश सेकंदाच्या आसपास नुसती सपाट रेघ. त्या वेळात जिभेची मागची बाजू टाळूला चिकटलेली असते, हवा अडलेली असते, तोंडातून आवाज येतच नाही. आपल्या कानाला जोडाक्षर ऐकू येतं ते याच शांततेमुळे. तिचा अर्धाअधिक भाग कापून टाका, ‘पक्का’चा ‘पका’ होतो.

आता ती सपाट रेघ आणखी मोठी करून पाहा. ती सपाट नाहीच. तिच्यात बारीक, अखंड थरथर आहे. तो पंखा आहे.

बोलण्यामागचा गोंगाट किती आहे हे मोजण्याचं सगळं शास्त्र त्या रेघेत दडलेलं आहे, आणि मला ते आजही अद्भुत वाटतं. पंख्याचा आवाज मोजायचा तर बोलणाऱ्याला आधी गप्प करायला हवं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात माणूस बोलता बोलताच, शब्दाच्या पोटातच, क्षणभर गप्प होत असतो.

मुळात हे गणित सुटायला नको असं आहे. मायक्रोफोनमधून आकड्यांची एकच माळ बाहेर येते. साध्या टेलिफोनच्या दर्जाची असली तरी सेकंदाला 8000 आकडे. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे बोलणं, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारचा टीव्ही या सगळ्यांची मिळून एक बेरीज. बेरीज 11 आहे, तर तिच्यातले दोन आकडे कोणते, असा प्रश्न परीक्षेत आला तर आपण प्रश्नच चुकला म्हणू. पण मधल्या फटीत फक्त पंखाच सापडला आणि तिथली शक्ती 1 भरली, तर उरलेली 10 बोलण्याची. म्हणजे बोलणं गोंगाटाच्या दहापट, अभियंत्यांच्या भाषेत 10 डेसिबल वर. शंभरपट असेल तर 20 डेसिबल. दुप्पट असेल तर जेमतेम 3.

फट शोधायची सुरुवातीची रीत सरळ होती. माणूस वाक्यावाक्यांत थांबतो, समोरच्याचं ऐकताना गप्प असतो. ते विराम पकडायचे. अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिफोन केबल 1956 साली सुरू झाली. तिच्यातून एका वेळी चाळीसच्या आतलीच संभाषणं जाऊ शकत. संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळ गप्प असतो, हे ध्यानात घेऊन बेल लॅबच्या अभियंत्यांनी 1960च्या सुमारास अशी यंत्रणा बसवली, की एक जण गप्प झाला की त्याची वाट दुसऱ्याच्या बोलण्याला मिळायची. त्यासाठी ‘आत्ता इथे कुणी बोलतंय का?’ हा निर्णय यंत्राला सतत, क्षणाक्षणाला घ्यावा लागे.

शांत ऑफिसातल्या फोनला हे जमतं. पण बोलणं चालू आहे की नाही ते ठरवायला गोंगाटाची पातळी माहीत हवी, आणि ती कळायला बोलणं कधी थांबलं ते माहीत हवं. गोंगाट वाढला की हा पेच घट्ट होत जातो. म्हणजे अंदाजाची गरज सगळ्यात जास्त असते, नेमका तिथेच तो फसतो.

आणि फसला तर काय होतं? युटा विद्यापीठातल्या स्टीव्हन बॉल यांनी 1979 साली आवाज स्वच्छ करण्याची एक साधी युक्ती मांडली: गोंगाटाचा अंदाज घ्या आणि तो वजा करून टाका. आजही हा विषय शिकवायला इथूनच सुरुवात होते. अंदाज कमी पडला की उरलेल्या गोंगाटाचे सुटे सुटे तुकडे मागे राहतात आणि बोलण्यामागे कुणीतरी इवल्या शिट्ट्या फुंकतंय असं ऐकू येतं. अंदाज जास्त झाला तर त्याहून वाईट. ‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांतला महाप्राण म्हणजे हवेचा हलकासा फूत्कार, आणि यंत्राच्या दृष्टीने तो गोंगाटाचा सख्खा भाऊ. वजाबाकीत तो गेला की ‘खडा’चा ‘कडा’ व्हायला वेळ लागत नाही. मंगल कार्यालयात श्रवणयंत्र लावून बसलेल्या आजोबांना शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत, त्यामागे कानाची झीज असते हे खरंच. पण त्यांच्या यंत्राने चुकीच्या वेळी चुकीची वजाबाकी केली तर उरलासुरला धागाही हातचा जातो. म्हणून हा अंदाज नेमका यायला हवा.

जर्मनीतले राइनर मार्टिन यांनी 1994 साली मांडलेली कल्पना इतकी साधी आहे, की ती आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं. बोलणं चालू आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला.

आधी आवाजाचे साधारण तीस मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वारंवारतेच्या शंभराहून अधिक अरुंद पट्ट्यांत फोडायचा. असं केलं की बोलण्याचं खरं रूप दिसतं: ते विरळ आहे. ‘समज’ म्हणताना ‘स’ची सळसळ वरच्या पट्ट्यांत असते, खालचे पट्टे जवळजवळ रिकामे. लगेच ‘म’ येतो. आता खाली गुंजन आणि वरचे पट्टे मोकळे. ‘अ’सारखा भरीव स्वर घेतला तरी त्याची शक्ती ठरावीक अंतरावरच्या उभारांमध्ये साठलेली असते आणि मध्ये दऱ्या राहतात, बाईच्या किंवा मुलाच्या उंच आवाजात तर त्या चांगल्याच रुंद. सगळे पट्टे एकदम रिकामे होण्याची वाट पाहायची गरजच नाही. प्रत्येक पट्टा आपापल्या वेळी रिकामा होतो.

दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी फरशी सलग कधी दिसत नाही. पण एका जागी कॅमेरा रोखून फोटो काढत राहिलं, तर एकेक फरशी कधी ना कधी पावलांमधून मोकळी सापडते, आणि ते मोकळे तुकडे जोडले की गर्दी न हटवता अख्खा पूल हाती येतो. मार्टिन यांनी प्रत्येक पट्ट्यात हेच केलं: गेल्या सुमारे दीड सेकंदात या पट्ट्यातली शक्ती सगळ्यात खाली कुठवर गेली होती? तो तळ म्हणजे गोंगाट. बोलणं त्यात भरच घालतं, त्यामुळे तळाशी उरतो तो बोलणं नसतानाचा आवाज.

यात एक खोच आहे, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हाच भाग. पंख्याचा आवाज आपल्याला एकसारखा वाटतो, पण तीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत तो भयंकर हेलकावतो. एका पट्ट्यातली शक्ती कधी सरासरीच्या तिप्पट, तर कधी दहाव्या हिश्श्याइतकी. अशा शंभर स्वतंत्र मोजमापांतलं सगळ्यात लहान घेतलं, तर ते सरासरीच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याइतकं भरतं. संभाव्यतेच्या नियमातून हे सरळ निघतं. म्हणजे नुसता तळ पाहून पंखा किती मोठा ते सांगितलं तर अंदाज 20 डेसिबलने चुकेल!

म्हणून आधी हेलकावे गुळगुळीत करायचे, शेजारच्या क्षणांची सरासरी घेत जायची. पण ते फार केलं तर बोलण्याचे उंचवटे पसरतात, ‘क्क’मधली ती मोलाची फट बुजून जाते आणि तळ वर येतो. थोडं केलं तर हेलकावे तसेच. मार्टिन यांनी 2001च्या आपल्या गाजलेल्या लेखात या पेचाचं उत्तर दिलं. गुळगुळीतपणा एकच न ठेवता तो प्रत्येक पट्ट्यात, प्रत्येक क्षणी बदलायचा: बोलणं जोरात असेल तिथे कमी, नुसता गोंगाट असेल तिथे जास्त. आणि तरीही सरासरीपेक्षा तळ किती खाली राहील ते आधीच हिशेबाने काढून तेवढ्या पटीने तो वर उचलायचा. सगळ्यात लहान आकडा पाहायचा आणि त्यावरून सरासरी सांगायची!

या रीतीला वेळेचं एक वळण आहे, आणि ते स्वयंपाकघराशेजारी बसून कॉल केला की जाणवतं. मिक्सर सुरू झाला की पट्ट्यांतली शक्ती उसळते, पण गेल्या दीड सेकंदातला जुना तळ अजून हिशेबात असतो. तो त्या दीड सेकंदाबाहेर जाईपर्यंत मिक्सर म्हणजे बोलणंच, असं यंत्र धरून चालतं. मिक्सर बंद झाला की मात्र नवा तळ तत्क्षणी कळतो. खाली यायला वेळ नाही, वर चढायला मात्र दीड सेकंद. ही ढिलाई घालवण्यासाठी पुढे इस्रायल कोहेन यांनी 2002च्या सुमारास ‘बोलणं आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल न देता, ते असण्याची संभाव्यता प्रत्येक पट्ट्यात काढली आणि तिच्या प्रमाणात अंदाज हलवला. हल्ली ही कामं बहुतेक न्यूरल नेटवर्क करतात. जाँ-मार्क वालँ यांच्या 2018च्या लेखातल्या आरएन-नॉइज या प्रणालीचं उदाहरण सगळे देतात. पट्टे मात्र तिथेही आहेत, 22.

एक रीत या सगळ्यांहून वेगळी, जवळजवळ जादूची वाटणारी. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चानवू किम आणि रिचर्ड स्टर्न यांनी 2008 साली फटी शोधणंच सोडलं. बोलण्याचे आकडे फार विषम असतात: पुष्कळसे शून्याच्या आसपास आणि थोडे खूप मोठे. गोंगाटाचे आकडे बहुधा घंटेच्या आकारात पसरलेले. मिश्रणाचा आकार यांपैकी कुणाकडे झुकतो यावरून बोलणं गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगता येतं. रेकॉर्डिंगमधल्या आकड्यांचा क्रम पार विस्कटून टाकला, एकही शब्द ऐकू येईनासा झाला, तरी उत्तर तेच येतं.

हा अंदाज दर वेळी गोंगाट काढून टाकायलाच वापरतात असंही नाही. तुम्ही बोलायचं थांबलात की मोबाइल बॅटरी आणि वाट वाचवण्यासाठी तुमचा आवाज पाठवणं बंद करतो. पण समोरच्याच्या कानात एकदम ठार शांतता पडली तर तो ‘हॅलो? हॅलो?’ करू लागतो. फोन कट झाला असं वाटतं. म्हणून जीएसएमच्या नियमांतच सोय होती: तुमचा फोन खोलीतल्या गोंगाटाचा अंदाज घेतो आणि साधारण अर्ध्या सेकंदाला त्याचं एक छोटं वर्णन पाठवतो, आणि त्या वर्णनावरून पलीकडचा फोन तसाच गोंगाट स्वतः तयार करतो. याला कम्फर्ट नॉइज म्हणतात. गावाकडे आई क्षणभर गप्प होते आणि तिच्या घरातला पंखा ऐकू येत राहतो, तेव्हा तो पंखा बऱ्याचदा आपल्याच हातातल्या फोनने घडवलेला असतो.

फटी आणि तळ शोधणाऱ्या रीती एका गृहीतावर उभ्या आहेत: बोलणं बदलतं, गोंगाट टिकून राहतो. गाण्यात हे गृहीत उलटं होतं. लॉकडाऊनमध्ये शास्त्रीय संगीताच्या शिकवण्या व्हिडिओ कॉलवर गेल्या तेव्हा कित्येक गुरूंना तानपुरा ऐकूच येईना, आणि शिष्याने लावलेला लांब ‘सा’ दोन-तीन सेकंदांत विरू लागला. ॲपचा त्यात दोष नव्हता. जो आवाज फटच सोडत नाही, तळ वर उचलून धरतो, तो गोंगाट, असा त्याचा हिशेब; आणि तानपुऱ्याइतकं अखंड दुसरं काय असतं? सूर स्थिर लावण्याची सगळी साधना त्या यंत्राच्या लेखी पंखा ठरली. म्हणूनच झूमसारख्या ॲपमध्ये संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची वेगळी सोय आहे. ऑनलाइन रियाजाला बसणाऱ्यांनी ती दोन्हीकडे चालू करून घ्यावी, आणि पंखा हाताने बंद करावा.