बोरीवलीचं खाडीकाठचं जंगल

बोरीवलीचं जंगल म्हटलं की राष्ट्रीय उद्यान आठवतं. पण त्याच उद्यानातून निघालेली दहिसर नदी वस्त्यांमधून वाट काढत मनोरी खाडीला मिळते, तिथे बोरीवलीचं दुसरं जंगल आहे. तिवर, कांदळ, चिप्पी अशा खाऱ्या चिखलात तगणाऱ्या झाडांचं, म्हणजे कांदळवन. पूर्वेच्या जंगलाला उद्यानाचं संरक्षण मिळालं. पश्चिमेच्या जंगलाला जंगल म्हणायलाच फार उशीर झाला.

१९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्यानं चारकोप-गोराईत भूखंड पाडले गेले. बेताच्या कमाईच्या कुटुंबांना घरं मिळाली; ती गरज खरी होती. मात्र शहर खाडीकडे सरकत गेलं, तसं खाजण म्हणजे भराव टाकायची पडीक जमीन, असंच धरलं गेलं. हे जंगल मारायला कुऱ्हाडही लागत नाही. राडारोडा टाकला, बांध घातला की भरती अडते, चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळं गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. त्याच्या आसऱ्यानं वाढणाऱ्या चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबीची पिल्लंही जातात. त्याची झळ आधी कोळीवाड्यांना बसते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नदीमुखाशी पाण्याला पसरायला जागा का लागते, हे मुंबईला त्या दिवशी कळलं. ही जागा राखणारी कांदळवनं वाचवण्यासाठी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेची याचिका आधीच मुंबई उच्च न्यायालयात होती. ऑक्टोबर २००५मध्ये न्यायालयानं राज्यभर कांदळवनांची तोड थांबवली, त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. २०१२मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष उभा राहिला. २०१८च्या अंतिम निकालानं कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला ठरवला. २०२०मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला.

आणि २०२५च्या अखेरीस वर्सोवा-भाईंदर सागरी मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्ष तोडायला त्याच न्यायालयानं परवानगी दिली. बदल्यात नवी लागवड होणार आहे. पण दुसरीकडे लावलेलं रोप इथल्या नदीचा पूर सामावून घेत नाही, इथल्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी आणत नाही. कांदळवन भरतीच्या पाण्यावर जगतं. म्हणून जे उरलं आहे, तिथवर येणारी खाडीची प्रत्येक वाट मोकळी ठेवणं, हीच या शहराची पहिली जबाबदारी आहे. लागवडीचे आकडे त्यानंतर मोजावेत.