घरातील सामानाचा विमा आणि वजावटीची रक्कम

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले चंदीगड हे आखीव रस्त्यांचे आणि क्रमांकित सेक्टरांचे शहर आहे. पाण्याचा निचरा, मोकळी मैदाने, झाडांच्या रांगा या सर्वांचा येथे आधीच विचार झालेला आहे. तरीही ८ आणि ९ जुलै २०२३ रोजी येथे २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि १९५८ साली बांधलेल्या सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. सखल भागांतील घरांत आणि तळघरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी घराच्या भिंती बहुधा उभ्या राहतात, पण गाद्या, कपाटे, पुस्तके, शीतकपाट आणि धुलाईयंत्र यांची नासाडी होते. ज्यांनी सामानाचा विमा उतरवलेला असतो त्यांना धीर वाटतो. मात्र भरपाईची रक्कम हाती येते तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे पुष्कळांच्या लक्षात येते. या तफावतीची कारणे अनेक असू शकतात. त्यांतील एका कारणाचा, म्हणजे वजावटीचा, येथे विचार करावयाचा आहे.

वजावट म्हणजे प्रत्येक नुकसानीतील पहिला ठराविक हिस्सा विमेदाराने स्वतः सोसण्याचा करार होय. विम्याच्या व्यवहारात यालाच 'एक्सेस' किंवा 'डिडक्टिबल' असे म्हणतात. वजावट ५,००० रुपये असेल आणि नुकसान ८,००० रुपयांचे झाले, तर विमा कंपनी ३,००० रुपये देते. नुकसान ४,००० रुपयांचे असेल तर काहीच देत नाही. सागरी विम्यात 'फ्रँचाइज' नावाची निराळी पद्धत प्रचलित होती. तीत नुकसान ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर काहीच मिळत नसे, पण मर्यादा ओलांडली की संपूर्ण भरपाई मिळे. वजावटीत असे होत नाही. नुकसान कितीही मोठे असो, पहिला हिस्सा विमेदाराचाच राहतो.

अशी अट घालण्याचे प्रयोजन काय? पहिले कारण खर्चाचे आहे. दावा लहान असला तरी अर्ज तपासणे, सर्वेक्षक पाठवणे आणि हिशेब करणे यांचा खर्च टळत नाही. फुटलेल्या काचेच्या भरपाईसाठी काचेच्या किमतीहून अधिक खर्च झाला, तर तो शेवटी सर्व विमेदारांच्या हप्त्यांतूनच भागवावा लागेल. दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे आहे. नुकसानीचा काही भाग आपल्यालाच सोसावयाचा आहे हे ठाऊक असले म्हणजे माणूस गच्चीवरील नळी वेळेवर साफ करतो आणि विजेची जुनी तार बदलून घेतो.

वजावट सांगण्याच्या तीन मुख्य रीती आहेत आणि घोटाळा होतो तो येथेच. समजा, एका कुटुंबाने आपल्या सामानाचा ६ लाख रुपयांचा विमा उतरवला आहे आणि पुरात ६०,००० रुपयांचे नुकसान झाले आहे. वजावट सरसकट ५,००० रुपये असेल तर त्यांना ५५,००० रुपये मिळतील. 'दाव्याच्या ५ टक्के, परंतु किमान १०,००० रुपये' अशी अट असेल तर ५ टक्क्यांचे ३,००० रुपयेच होतात. म्हणून किमान रक्कम लागू होऊन हाती ५०,००० रुपये येतील. आणि 'विमारकमेच्या ५ टक्के' असे शब्द असतील तर वजावट ३०,००० रुपयांची होऊन निम्मेच पैसे मिळतील. 'पाच टक्के' हे शब्द दोन्ही अटींत सारखेच आहेत. पण ते कशाचे पाच टक्के, यावर २०,००० रुपयांचा फरक अवलंबून आहे.

विमारकमेवर आधारलेली वजावट मोठ्या नैसर्गिक आपत्तींच्या बाबतीत आढळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर स्थापन झालेली भूकंप विमा संस्था घरासाठी ५ ते २५ टक्क्यांपर्यंतची वजावट देऊ करते. भारतातील प्रमाणित अग्नि व विशेष संकट पॉलिसीत दैवी आपत्तींसाठी दाव्याच्या ५ टक्के आणि किमान १०,००० रुपये अशी वजावट होती. मात्र ती राहत्या घरांच्या पॉलिसींना लागू नाही, असे त्याच कलमात कंसात लिहिलेले असे. चंदीगडच्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा 'शॉप-कम-फ्लॅट' इमारती आहेत. तेथे एकाच मालकाच्या दुकानातील मालाला एक नियम आणि वरच्या घरातील सामानाला दुसरा नियम लागू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी अस्तित्वात आली. तीत इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के इतके, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचे, सर्वसाधारण सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. विमारकम अपुरी असली तरी त्या कारणाने भरपाई प्रमाणात कमी केली जात नाही. परंतु केवळ चोरीचे संरक्षण तीत नाही. आग, पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरीच तीत धरली जाते. घरफोडी किंवा विद्युत उपकरणे यांसाठी निराळे संरक्षण घेतल्यास त्याची वजावटही निराळी असू शकते. ती पॉलिसीच्या अनुसूचीत पाहावी.

काही पॉलिसींत विमेदाराला अधिक वजावट पत्करून हप्ता कमी करून घेता येतो. हा सौदा लाभाचा आहे काय? याचे गणित मोटारविम्याच्या २००२ च्या दरपत्रकावरून चांगले समजते. त्यात ७,५०० रुपयांची ऐच्छिक वजावट पत्करल्यास अधिकात अधिक २,००० रुपयांची सूट होती, तर १५,००० रुपयांच्या वजावटीला अधिकात अधिक २,५०० रुपयांची. म्हणजे वरच्या ७,५०० रुपयांची जोखीम वर्षाला जेमतेम ५०० रुपयांसाठी घ्यावयाची. पंधरा वर्षे एकही दावा आला नाही, तरच हा हिशेब बरोबरीत सुटतो. घराच्या सामानाबाबतही हेच करावे. हप्त्यात वाचणारी रक्कम आणि वाढणारी जोखीम यांचा भागाकार मांडावा आणि तितकी वर्षे विनासंकट जातील काय, हे स्वतःला विचारावे.

मात्र केवळ गणित पुरेसे नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात एकरकमी १५,००० रुपये काढणे कठीण जाते, तर दोन पगार येणाऱ्या घरात ते फारसे जाणवत नाही. म्हणून संकटाच्या दुसऱ्या दिवशी कर्ज न काढता जेवढी रक्कम उभी करता येईल, तेवढीच वजावट स्वीकारावी.

हिशेब पटला नाही तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने ती फेटाळली, किंवा एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्यासाठी एका वर्षाची मुदत असते. चंदीगड येथे सेक्टर १७ मध्ये लोकपालाचे कार्यालय आहे. तथापि तेथेही अखेर पाहिला जातो तो पॉलिसीचा कागदच. त्यामुळे आज आपली पॉलिसी काढून वजावटीची ओळ वाचावी आणि तिच्यासमोर पेन्सिलीने रुपयांत आकडा मांडावा. पाणी उंबऱ्याशी आल्यावर वाचलेली अट बदलता येत नाही; आज वाचली तर निदान ती बदलून मागता येते.