एचआयव्हीबाधित गर्भवतींमधील उच्च रक्तदाब : एक विवेचन

प्रस्तावना :
गर्भारपणातील उच्च रक्तदाब व एचआयव्हीचा संसर्ग या दोन स्वतंत्र समस्या होत. तथापि ज्या प्रदेशात दोहोंचे प्रमाण मोठे आहे, तेथे त्या एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात. दक्षिण आफ्रिका हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील शासकीय दवाखान्यांतील गर्भवतींपैकी सुमारे ३० टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित असल्याचे २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. त्याच देशाच्या मातामृत्यूविषयक अहवालांत एचआयव्हीशी निगडित संसर्ग, रक्तस्राव व उच्च रक्तदाब ही कारणे दीर्घकाळ अग्रस्थानी राहिली आहेत. या दोन समस्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकाराचे स्वरूप :
गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळणे यास गर्भावस्थाजन्य उच्च रक्तदाब म्हणतात. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली अथवा यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांचे कार्य बिघडले, तर त्या अवस्थेस प्रीएक्लॅम्प्सिया असे म्हणतात. झटके आल्यास ती एक्लॅम्प्सिया होय. वारेची सदोष वाढ व मातेच्या रोगप्रतिकारक यंत्रणेची अतिरिक्त प्रतिक्रिया ही यामागील महत्त्वाची कारणे मानली जातात.

संशोधनातील मतभिन्नता :
एचआयव्हीमुळे प्रतिकारक्षमता क्षीण होते. मग हा विकारही कमी व्हावा, असा तर्क पुढे आला. लंडन येथील २००२ च्या अभ्यासात उपचार न घेतलेल्या बाधित स्त्रियांत प्रीएक्लॅम्प्सियाचा एकही रुग्ण आढळला नाही; उपचार घेणाऱ्यांत मात्र त्याचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांइतकेच होते. याउलट सोवेटो येथील २००४ च्या अभ्यासात बाधित व अबाधित स्त्रियांत लक्षणीय फरक दिसला नाही. बार्सिलोना येथे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उपचाराधीन स्त्रियांत धोका वाढल्याचे नोंदविले गेले. वय, वजन, पूर्वीपासूनचा रक्तदाब व औषधांचा प्रकार सर्वत्र सारखा नसल्याने हे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. एचआयव्ही या विकारापासून संरक्षण देतो असे गृहीत धरता येत नाही, एवढे मात्र यातून निश्चित होते.

निदान व उपचारातील अडचणी :
एचआयव्हीमुळे मूत्रपिंडास इजा झाल्यास लघवीत प्रथिने आढळतात आणि नेव्हिरॅपिनसारख्या औषधाने यकृतास अपाय होऊ शकतो. ही दोन्ही लक्षणे प्रीएक्लॅम्प्सियाशी मिळतीजुळती असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच रक्तदाब, लघवी व यकृताची तपासणी करून ठेवणे उपयुक्त ठरते.

औषधांची परस्परक्रियाही लक्षात घ्यावी लागते. रिटोनाविर घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील निफेडिपिनचे प्रमाण वाढून रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. आहारात कॅल्शियम कमी असल्यास प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. परंतु उपाशीपोटी एकत्र घेतल्यास त्यांमुळे डोल्युटेग्राविरचे शोषण घटते. म्हणून डोल्युटेग्राविर या गोळ्यांच्या २ तास आधी वा ६ तासांनंतर, अथवा जेवणासोबत घ्यावे लागते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे मिथाइलअर्गोमेट्रिन उच्च रक्तदाबात वर्ज्य असते. तेथे ऑक्सिटोसिन उचित ठरते. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हेच प्रमुख औषध असून त्याची उपयुक्तता २००२ च्या आंतरराष्ट्रीय मॅगपाय चाचणीत सिद्ध झाली आहे.

औषधे बंद करण्याचा धोका :
उपचारामुळे रक्तदाब वाढतो, एवढेच कानी पडल्यास एखादी स्त्री एचआयव्हीवरील औषधे परस्पर बंद करण्याची भीती असते. उपचाराअभावी मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते ५ टक्क्यांहून खाली आणता येते. त्यामुळे रक्तदाब वाढला तरी औषध थांबविणे हा उपाय नव्हे. रक्तदाबावर उपचार करणे वा वैद्यकीय सल्ल्याने औषध बदलणे हा होय.

निष्कर्ष :
भारतात १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीस आजन्म उपचार देण्याचे धोरण लागू झाले. मात्र एचआयव्हीची औषधे एका केंद्रात व प्रसूतिपूर्व तपासणी दुसरीकडे, अशी विभागणी असल्यास रक्तदाबाची नोंद दुर्लक्षित राहू शकते. औषध घेण्यासाठी आलेल्या प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब त्याच भेटीत मोजला जाणे, ही अल्पखर्चिक परंतु जीवरक्षक व्यवस्था ठरेल. महाविद्यालयीन रेड रिबन क्लबच्या उपक्रमांत संसर्ग प्रतिबंधासोबत या विषयाचाही अंतर्भाव व्हावा, असे सुचवावेसे वाटते.