चांगली पानं, वाईट खुर्ची

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली आणि पोकर म्हणजे कौशल्य की नशीब, हा वाद पुन्हा पेटला. कायद्याने तो फरकच मानलेला नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंना ही ऑनलाइन बंदी लागूही नाही. वादाचं उत्तर हवं असेल तर नऊ जणांच्या टेबलावर गुलामांची जोडी घेऊन सर्वांत आधी बोलायची पाळी आलेल्या खेळाडूकडे बघावं.

जोडी देखणी. पण मागे आठ जण बोलायचे आहेत आणि त्यांच्यातल्या कुणाकडे तरी राण्यांची, राजांची किंवा एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के. समजा, गुलामवाल्याने रक्कम वाढवली, बाकीच्यांनी पानं टाकली आणि फक्त बटणावरचा, म्हणजे शेवटी बोलणारा, आत आला. टेबलावर सर्वांची सामाईक तीन पानं उघडली: राणी, सत्ती, दुर्री. गुलामाहून मोठं पान या तिघांत येण्याचं प्रमाण ५७ टक्के, त्यामुळे हे दुर्दैव मुळीच नाही, रोजचंच आहे. आता पैसे लावावेत तर राणीवाला खुशाल जुळवून घेणार. पैसे न लावता चेक करावं तर समोरचा हातात काही नसतानाही रक्कम फेकणार. पुढच्या दोन्ही पानांवरही आधी तोंड उघडायचं यालाच; बटणावरचा याची चाल बघून मग ठरवणार.

खुर्चीची ही ताकद सर्वांत लख्ख दाखवली नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टॅडने. १८० खेळाडूंची एक ऑनलाइन स्पर्धा तिने जिंकली, आणि तिच्या सांगण्यानुसार, स्वतःची पानं फक्त एकदाच बघून. बाकी सगळा खेळ जागेवर आणि समोरच्यांच्या सवयींवर. त्या विजयाला योगायोग म्हणणाऱ्यांनी २००७ चं लंडन आठवावं: वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या युरोपीय स्पर्धेचा मुख्य किताब, दहा लाख पौंड, आणि दुसऱ्या दिवशी एकोणिसावा वाढदिवस. एका स्पर्धेने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी पानं जवळपास न बघता १७९ जणांना मागे टाकणं याला निव्वळ नशीब म्हणायला माझं मन धजत नाही.

मग वाईट जागेवरून करायचं काय? एक्क्यांची जोडी अर्थातच खेळायची. पण ती लपवून स्वस्तात आत शिरण्याचा मोह घातक. कुठलीही पानं घेऊन बसलेल्या एकट्या खेळाडूविरुद्ध ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पाच जण आत आले की निम्म्यावर येते. म्हणून रक्कम वाढवायची, गर्दी कापायची. गुलामांची जोडीही खेळावी, मात्र पॉट, म्हणजे मधली जमा रक्कम, फुगू देऊ नये. रंग न जुळणारे एक्का-दश्शी पहिल्या खुर्चीवरून सरळ टाकावेत; तेच बटणावर आले आणि आधी कुणी आत शिरलेलं नसेल, तर बेधडक वाढवावं.

सगळ्यांत फसवी खुर्ची स्मॉल ब्लाइंडची, म्हणजे पानं वाटण्याआधीच सक्तीने छोटी रक्कम लावणाऱ्याची. थोडे पैसे आधीच आत अडकलेले, म्हणून माणूस पानं सोडत नाही, आणि तीन पानं उघडली की पहिलं बोलणं त्याचंच. तिथे दुसऱ्याने रक्कम वाढवलेली असेल तर आणखी वाढवावी किंवा पानं टाकावीत. नुसतं जुळवून घेतलं की पैसे गळतच राहतात.