डिझेल इंजिनचा गळका फ्युएल पंप

रब्बी ज्वारीस एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नेमक्या त्याच आठवड्यात विहिरीवरील इंजिन अडून बसल्यास हंगामाचे नुकसान होते. पुष्कळदा कारण असते ते फ्युएल पंपातील एका झिजलेल्या वायसरचे किंवा रबरी कडीचे.

जर्मनीतील बॉश कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीने बंगळूर येथे हे काम हाती घेतले. पंपातील प्लंजर व त्याचे नळकांडे यांमधील अंतर मिलीमीटरच्या काही हजारांशांइतकेच असते. म्हणूनच ही जोडी एकमेकींत बदलता येत नाही, आणि धुळीचा एक कणही तिला ओरखडा पाडू शकतो.

शेत गावाकडे आणि बिऱ्हाड सोलापुरात शुक्रवार पेठेत, अशी ज्यांची स्थिती असेल त्यांनी पंप घरीच आणावा हे उत्तम. विहिरीच्या काठावर काळ्या मातीच्या धुळीत तो कदापि उघडू नये. उतरविण्यापूर्वी तो बाहेरून डिझेलने स्वच्छ धुवावा, नळ्यांची तोंडे बंद करावीत आणि बुडाखालील पातळ पत्र्याच्या शिमा जशाच्या तशा जपून ठेवाव्यात. इंधन केव्हा फवारले जावे, हे त्या शिमांवरच ठरत असते.

घरी पंखा बंद करावा. स्वच्छ परातीत गाळलेले डिझेल घ्यावे. धागे सुटणारी चिंधी वापरू नये. पंप शेगड्यात हलकेच धरून वरचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर सोडवावा, स्प्रिंग व व्हॉल्व्ह बैठकीसह काढून धुवावा आणि त्याच मापाचे नवे वायसर व कडी बसवावी. प्लंजर बाहेर काढण्याचा मोह टाळावा. होल्डर कंपनीच्या पुस्तकातील मापानेच आवळावा. अधिक जोर लावल्यास नळकांडे किंचित दबते व रॅक जड होतो. तो बोटाने सहज सरकला पाहिजे.

सल्फर अत्यल्प असलेले डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागले. डिझेलच्या घटकांत बदल झाला की जुनी रबरी सीले आकसून गळू शकतात. तेव्हा कडी डिझेलला टिकणारीच मागून घ्यावी.

इंजिनमध्ये तेल न घालताही तेलकाठीवरील पातळी वाढलेली दिसली, तर काही जण समाधान मानतात. ते चुकीचे आहे. पंपातून झिरपणारे डिझेल तेलात मिसळून ते पातळ होते आणि बेअरिंगे खातात. असे आढळल्यास तेल बदलावे. एलिमेंट झिजले असल्यास नव्या सीलांचा उपयोग नाही, पंप चाचणी-यंत्र असलेल्या कारागिराकडेच न्यावा.

पंप बसविल्यावर हवा काढावी लागते. प्रथम पंपावरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, मग नोझलकडील नट सैल करून इंजिन हाताने फिरवावे. फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. नोझलमधून उडणारे डिझेल कातडीत शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली, तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे.