बर्फ विरघळताना पाऊल कसे टाकावे

फाल्गुन सरता सरता आपल्याकडे उन्हाची तलखी जाणवू लागते, पळस फुलतो आणि माठातले पाणी गोड लागू लागते. त्याच सुमारास अनेक घरांत परदेशप्रवासाची लगबग सुरू असते. मुलगा किंवा मुलगी बॉस्टनला, न्यू जर्सीला किंवा टोराँटोला असते. सुनेचे बाळंतपण किंवा नातवंडाचे बारसे असते. आणि आईवडील काही महिन्यांसाठी तिकडे निघालेले असतात. प्रवासापूर्वी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेण्यास येणारी ही मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, तिकडे आता थंडी संपली असेल ना? रोजचे फिरणे चालू ठेवायला हरकत नाही ना?"

फिरणे चालू ठेवावे, हे निश्चित. मात्र उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात वसंत ऋतू दिनदर्शिकेत मार्चमध्ये अवतरत असला, तरी जमिनीपर्यंत पोहोचण्यास त्याला आणखी कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात एकाच वाटेवर बर्फ, पाणी आणि चिखल एकत्र नांदत असतात. अशा वाटांवरून काही माणसे आवडीने धावतात. डांबरी रस्ता सोडून रानवाटेने धावण्याच्या या छंदास 'ट्रेल रनिंग' म्हणतात. सिंहगड, राजगड, तोरणा या परिसरात आपल्याकडील हौशी मंडळीही असे धावतात. सत्तरी ओलांडलेल्या वाचकांनी धावावे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. परंतु घसरड्या जमिनीवर तोल राखण्याचे जे नियम या धावपटूंनी अंगी बाणवले आहेत, ते सावकाश चालणाऱ्या वयस्कर माणसास अधिकच उपयोगी पडणारे आहेत.

तासागणिक बदलणारी जमीन

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात हिवाळा आणि वसंत यांच्या मधल्या काळाला लोक 'चिखलाचा ऋतू' असेच म्हणतात. हिवाळ्यात तेथील जमीन खोलवर गोठते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढले की वरचा थर विरघळतो. खालचा थर मात्र गोठलेलाच असतो. विरघळलेल्या पाण्याला खाली झिरपण्यास वाव राहत नाही आणि वरची माती लापशीसारखी होते. रात्री पारा पुन्हा शून्याखाली उतरतो आणि तेच पाणी गोठून त्याचा पातळ, पारदर्शक थर तयार होतो. त्यामुळे सकाळी सात वाजता काचेसारखी असलेली वाट दुपारी दोन वाजता दलदल झालेली असते.

डोंगरवाटांवर आणखी एक गंमत दिसते. हिवाळाभर माणसांच्या पायांखाली दाबला गेलेला मधला बर्फ सर्वांत शेवटी विरघळतो. दोन्ही बाजूंचा मऊ बर्फ आधी नाहीसा होतो आणि मध्ये बर्फाचा अरुंद बांध उरतो. त्यावरून पाय निसटला की माणूस कडेच्या भुसभुशीत बर्फात गुडघ्यापर्यंत रुततो. अशा वेळी शरीर पुढे जाते, पाय मात्र अडकून राहतो. गुडघा मुरगळतो किंवा नडगी खरचटते.

व्हरमाँटमधील 'लाँग ट्रेल' ही ४०० किलोमीटरांहून अधिक लांबीची डोंगरवाट १९१० ते १९३० या काळात बांधली गेली. तिची देखभाल करणारा 'ग्रीन माउंटन क्लब' दरवर्षी पायी फिरणाऱ्यांना आवाहन करतो, की साधारण मे महिना संपत येईपर्यंत उंचावरील ओल्या वाटांवर जाऊ नये. चिखल टाळण्यासाठी कडेच्या झाडोऱ्यावरून चालावे लागत असेल, तर सरळ मागे फिरावे. यात वाटेचे आणि वनस्पतींचे रक्षण हा हेतू आहे. परंतु मागे फिरण्याची ही शिकवण गुडघ्यांच्या आणि खुब्यांच्या रक्षणासही तितकीच लागू पडते.

धावपटू काय करतात?

अनुभवी धावपटू चिखलात किंवा बर्फात शिरताच पाऊल आखूड करतो. पाऊल लांब टाकले की टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि जमिनीला तिरका जोर बसतो. घर्षण कमी असेल तर हाच तिरका जोर पाय पुढे निसटवतो. पाऊल आखूड असेल, तर ते शरीराच्या भाराखालीच पडते. जोर बव्हंशी सरळ खाली जातो आणि घसरण्याचा संभव कमी होतो. भाताच्या खाचरातून किंवा शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरणारा कोकणातला माणूस हेच करतो. त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण तळवा टेकणे आणि गुडघे किंचित सैल ठेवणे. तिसरी, हात मोकळे ठेवणे. खिशात हात घालून चालणाऱ्याचा तोल गेला, तर सावरण्यास त्याच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून हातमोजे घालावेत आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. चौथी, नजर पायाच्या बोटांवर न खिळवता चार-पाच पावलांपुढे ठेवणे. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : चढण आली किंवा वाट बिकट झाली की निष्णात धावपटूही निःसंकोच चालू लागतो. वेग कमी करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपणही तो वाटून घेऊ नये.

साधनांविषयी थोडेसे. बुटाचा तळ खोल खाचांचा असावा. बर्फासाठी बुटावर चढवण्याच्या रबरी पट्ट्या मिळतात. त्यांच्या खाली साखळ्या आणि लहान पोलादी खिळे असतात. त्या उपयुक्त आहेत, परंतु घरातील लाकडी किंवा गुळगुळीत फरशीवर येण्यापूर्वी काढल्या पाहिजेत, अन्यथा तेथेच पाय घसरेल. काठीचे साधे रबरी टोकही ओल्या बर्फावर सरकते. त्यासाठी टोकदार जोड मिळतो, तो बसवून घ्यावा.

तोलाचे तीन आधार

आपला तोल तीन आधारांवर टिकतो : डोळे, आंतरकर्ण आणि पायांतील संवेदना. पाऊल कोठे व कसे पडले आहे, हे स्नायू आणि सांध्यांतील सूक्ष्म संवेदक मेंदूला सतत कळवत असतात. वाढत्या वयात हे तिन्ही आधार थोडे थोडे क्षीण होतात. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. बर्फ-चिखलात ताबडतोब जाणवते. ढगाळ दिवशी पांढऱ्या बर्फावर खाचखळगे डोळ्यांना दिसत नाहीत आणि चिखलात पाय किती रुतेल याचा अंदाज तळव्यास येत नाही. म्हणजे तीनपैकी दोन आधार एकाच वेळी डळमळतात.

म्हणून प्रवासापूर्वी काही गोष्टी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी असण्याचा संभव असतो आणि त्यानेही पायांची जाणीव मंदावते. मोतीबिंदू पिकला असेल, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. जवळच्या आणि दूरच्या नजरेचे दोन्ही क्रमांक एकाच काचेत असलेला चष्मा खाली पाहताना जमीन धूसर दाखवतो. बाहेर चालण्यासाठी केवळ दूरच्या क्रमांकाचा वेगळा चष्मा सोयीचा ठरतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही औषधांमुळे उठून उभे राहताना भोवळ येऊ शकते. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यांची मात्रा आणि वेळ यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

ओली थंडी

कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा वसंतातील ओली थंडी अधिक फसवी असते. तापमान शून्याच्या वर असते, ऊन पडलेले असते, म्हणून माणूस हलके कपडे घालून निघतो. चिखलाने मोजे भिजतात, घामाने सदरा भिजतो आणि वारा सुटतो. पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्या अवस्थेस अल्पतापावस्था म्हणतात. वयस्कर माणसास पुरेशी हुडहुडी भरत नाही. त्यामुळे ती लक्षातही येत नाही. बोलणे अडखळू लागणे, हातांचा वेंधळेपणा, विनाकारण येणारी सुस्ती ही तिची लक्षणे घरच्यांनी ओळखावीत.

अंगालगत सुती बनियन घालू नये. सूत ओलावा धरून ठेवते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते, हे आपल्या धनगरांची घोंगडी शतकानुशतके सांगत आली आहे. पातळ लोकरी मोज्यांचा एक कोरडा जोड नेहमी बरोबर ठेवावा. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी घरातच पाच-दहा मिनिटे हालचाल करून मग बाहेर पडावे. चालताना छातीत दडपण वाटले किंवा दम लागला, तर तेथेच थांबावे. थांबूनही दडपण गेले नाही, तर तातडीची मदत मागवावी.

चालण्याची वेळ उशिराच्या सकाळची ठेवावी. रात्री गोठलेले पाणी तोवर वितळलेले असते आणि संध्याकाळी ते पुन्हा गोठण्यापूर्वी आपण घरी परतलेले असतो. सावलीतल्या भागात, पुलांवर आणि पायऱ्यांवर मात्र बर्फ अधिक काळ टिकतो, हे ध्यानात ठेवावे.

भयाचे दुष्टचक्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात. वृद्धापकाळी खुब्याचे हाड मोडले, की अनेकांचे चालणे पूर्वीसारखे कधीच होत नाही. तेव्हा घसरण्याचे भय अनाठायी नाही. परंतु भयाने घरात बसण्याचीही किंमत मोजावी लागते. दोन-तीन महिने खुर्चीत बसून काढले, तर मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रोडावतात, तोल आणखी बिघडतो आणि मग घरातील गालिच्याच्या कडेलाही पाय अडखळतो. पडण्याच्या भयाने बसून राहिलेला माणूस त्यामुळेच पडतो. एकाकीपणा आणि उदासी ही आणखी वेगळीच.

६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे याच संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यांपैकी तोलाच्या व्यायामाकडे आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधीपासून पुढील व्यायाम घरीच सुरू करावेत :

• स्वयंपाकघरातील ओट्याला एका हाताने धरून एका पायावर उभे राहणे. दहा सेकंदांपासून प्रारंभ करावा. सवय झाल्यावर केवळ एक बोट टेकवावे.
• भिंतीलगत, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत सरळ रेषेत दहा पावले चालणे.
• हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे व बसणे. पाच वेळा उठण्यास पंधरा सेकंदांहून अधिक लागत असतील, तर मांड्यांची ताकद वाढवणे निकडीचे आहे असे समजावे.
• ओट्याला धरून टाचा वर उचलणे व सावकाश टेकवणे.

हे व्यायाम करताना घरातील कोणीतरी जवळ असावे.

घसरलेच तर

घसरताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णिलेला हा अस्थिभंग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पडल्यावर घाईने उठू नये आणि इतरांनीही काखेत हात घालून ओढू नये. क्षणभर श्वास स्थिर करून कोठे दुखते ते पाहावे. वेदना नसेल, तर कुशीवर वळावे, हात व गुडघे टेकावेत, जवळच्या भक्कम आधाराला धरून एक पाय पुढे घ्यावा आणि मग उठावे. जांघेत तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, तर चालण्याचा प्रयत्न करू नये. अंगावर पांघरूण घालून मदत मागवावी. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत त्यासाठीचा क्रमांक ९११ आहे.

डोक्यास मार लागला आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर काहीही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डोक्यातील संथ रक्तस्राव काही आठवड्यांनीही प्रकट होऊ शकतो. त्यामुळे पुढे डोकेदुखी, गोंधळलेपणा किंवा चालण्यात फरक दिसला, तर पडल्याची गोष्ट आवर्जून सांगावी. ओशाळवाणे वाटून पडणे लपवणारे ज्येष्ठ मी पुष्कळ पाहिले आहेत. पडणे ही लज्जेची गोष्ट नव्हे. ती डॉक्टरांना उपयोगी पडणारी माहिती आहे.

शेवटी मुलामुलींना एक विनंती. "बाहेर निसरडे आहे, आई, तू घरीच थांब," या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. परंतु त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याबरोबर चालायला निघा. वाट आदल्या दिवशी स्वतः पाहून ठेवा, बुटांच्या नाड्या नीट बांधल्या आहेत ना ते बघा आणि चाल त्यांच्या पावलांनी ठरू द्या. त्यांचा दंड घट्ट पकडू नका. आपला हात पुढे करा आणि त्यांना तो धरू द्या. आपण धरलेला आधार गरज पडताच घट्ट आवळता येतो. दुसऱ्याने पकडलेला हात मात्र ऐनवेळी तोल सावरण्यास मोकळा राहत नाही. आणि वाट पुढे बिकट दिसली, तर दोघांनी मिळून मागे फिरावे. उद्या तीच वाट थोडी अधिक कोरडी झालेली असेल.